मूळव्याध पुन्हा पुन्हा उठते आणि मलमाने तेवढ्यापुरतेच बरे वाटते : नेमके कुठे चुकते?

माझे औषधांचे दुकान सांगलीत मार्केट यार्डाच्या बाजूला आहे. फेब्रुवारीपासून हळदीचे आणि बेदाण्याचे सौदे जोरात सुरू होतात, ऊन चढू लागते, आणि त्याच सुमारास दुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक वाढते. तो माणूस आत येतो, पण लगेच काही मागत नाही. दुकानात बायाबापड्या असतील तर त्या जाईपर्यंत पंख्याखाली थांबतो. मग खिशातून कागदात गुंडाळलेली, पिळून पिळून मानेपर्यंत वळत आणलेली रिकामी ट्यूब काचेवर ठेवतो आणि खालच्या आवाजात म्हणतो, "डॉक्टर, हीच द्या की." मी डॉक्टर नाही, औषधनिर्माता आहे. परंतु आमच्याकडे काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या प्रत्येकाला डॉक्टरच म्हणण्याची पद्धत आहे, आणि त्यामुळे जी जबाबदारी येते ती टाळताही येत नाही.

या दुखण्याचे नावदेखील माणसे घेत नाहीत. "जागेचा त्रास" एवढेच म्हणतात, किंवा "परत उठली" म्हणतात. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच असतो. मलम लावले की आठ-दहा दिवसांत बरे वाटते, मग दोन-तीन महिन्यांनी तेच दुखणे पुन्हा का येते? मलम बदलावे काय, जास्त ताकदीचे घ्यावे काय, की जास्त दिवस लावावे? गेली अनेक वर्षे हे पाहिल्यानंतर माझे ठाम मत असे झाले आहे की यातल्या बहुतेकांचे मलम चुकलेले नसते. मलम जे आठ दिवस मिळवून देते, त्या आठ दिवसांत जे करायला हवे ते झालेले नसते. आणि काही जणांच्या बाबतीत तर मुळात दुखणे मूळव्याधीचे नसतेच.

आधी हे नक्की काय आहे?

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्या आणि मऊ पेशींच्या तीन मुख्य गाद्या प्रत्येक माणसाला जन्मापासून असतात, एक डाव्या बाजूला आणि दोन उजव्या बाजूला, पुढे व मागे. द्वार नीट मिटून राहण्यासाठी त्यांचा उपयोग असतो. सतत कुंथल्यामुळे, पोटातला दाब वाढल्यामुळे किंवा त्यांना धरून ठेवणारे धागे सैल पडल्यामुळे या गाद्या फुगतात आणि खाली सरकतात, आणि तेव्हा आपण तिला मूळव्याध म्हणतो. आतल्या भागात एक दातेरी रेषा असते. त्या रेषेच्या वरच्या अस्तराला कापल्या-खुपल्याची वेदना जवळजवळ कळत नाही, तर खालच्या त्वचेला बोटाच्या टोकाइतकी कळते. ही एक गोष्ट समजली की तक्रारींची निम्मी उकल होते.

आतली मूळव्याध सहसा दुखत नाही. शौचाच्या शेवटी लालभडक रक्ताचे थेंब पडतात, कधी धार लागते, आणि पुढे कोंब बाहेर येऊ लागतो. डॉक्टर तिच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत फक्त रक्त जाते, दुसरीत कोंब बाहेर येऊन आपोआप आत जातो, तिसरीत तो हाताने आत सारावा लागतो, आणि चौथीत तो बाहेरच राहतो. बाहेरच्या मूळव्याधीची गोष्ट निराळी असते. तिच्यात एखाद्या दिवशी, पुष्कळदा जड वजन उचलल्यानंतर, लांबचा प्रवास झाल्यावर किंवा दोन दिवस पोट साफ न झाल्यावर, रक्ताची गुठळी धरते. रात्रीतून द्वाराच्या कडेला तासगावच्या काळ्या द्राक्षासारखी जांभळट, ताणलेली, हात लावू न देणारी गाठ येते. बसता येत नाही, खोकला आला तरी कळ उठते. ज्या तीव्र दुखण्यासाठी लोक धावत येतात ते बहुतेक वेळा हेच असते.

तिसरी शक्यता सर्वांत जास्त फसवते, ती म्हणजे फिशर, अर्थात चीर. शौचाच्या वेळी काच फिरवल्यासारखी कापरी वेदना होते, नंतर तासभर किंवा त्याहून अधिक वेळ आग होत राहते, कागदावर किंवा शौचावर रक्ताची बारीक रेघ दिसते, आणि चिरेच्या टोकाला कातडीचा छोटा लोंबता तुकडा तयार होतो. हाताला लागणारा तो तुकडा माणूस कोंब समजतो आणि वर्षानुवर्षे मूळव्याधीचे मलम लावत राहतो. म्हणून माझा नेहमीचा पहिला प्रश्न असतो, "दुखतं कधी? शौचाला बसल्यावर, की दिवसभर ठणकतं, की दुखतच नाही, नुसतं रक्त जातं?" या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे पुष्कळसे ठरते.

ट्यूबमध्ये काय असते ते वाचून घ्यावे

मूळव्याधीचे मलम म्हणून मिळणाऱ्या सगळ्या ट्यूब सारख्या नसतात, हे फार थोड्या लोकांना माहीत असते. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात आणि ते इंग्रजीत असले तरी दुकानदाराकडून वाचून घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

लिग्नोकेन, यालाच लिडोकेन असेही म्हणतात, हे जागा बधिर करते. त्याने कळ कमी होते, सूज कमी होत नाही. बेक्लोमेथासोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन ही स्टेरॉइडे आहेत. ती खाज, लाली आणि दाह उतरवतात. फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आकसवते. आपल्याकडे सर्रास लिहिल्या जाणाऱ्या एका मिश्रणात ही तिन्ही एकत्र असतात : लिग्नोकेन २.५ टक्के, बेक्लोमेथासोन ०.०२५ टक्के आणि फेनिलेफ्रिन ०.१ टक्का. रक्तदाब, हृदयविकार किंवा थायरॉइड वाढल्याचा त्रास असलेल्यांनी फेनिलेफ्रिन वापरण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवे. झिंक ऑक्साइड आणि अलँटॉइन हे घटक त्वचेवर संरक्षक थर धरतात. त्यांचा जोर कमी असतो, परंतु ओलसरपणाने चरचरणाऱ्या जागेला त्यांचा चांगला उपयोग होतो.

गुठळी धरलेल्या तीव्र दुखण्यासाठी आणखी एका मलमाचा विचार डॉक्टर करतात, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. निफेडिपिन हे मुळात रक्तदाबाचे औषध आहे. तेच ०.३ टक्के प्रमाणात मलमात घातले तर द्वाराभोवतीचे आतले स्नायूवलय सैल पडते. कळ आली की हे वलय आवळते, आवळले की रक्त तुंबते, तुंबले की कळ वाढते. निफेडिपिन हे चक्र मध्येच तोडते, शिवाय सूजही थोडी उतरवते. २००१ मध्ये इटलीतील शल्यचिकित्सकांनी गुठळी धरलेल्या बाह्य मूळव्याधीच्या ९८ रुग्णांवर याची चाचणी प्रसिद्ध केली. ५० जणांना निफेडिपिन ०.३ टक्के व लिडोकेन १.५ टक्के यांचे मिश्रण आणि ४८ जणांना नुसते १.५ टक्के लिडोकेन, दर बारा तासांनी, दोन आठवडे दिले गेले. सात दिवसांत वेदना पूर्ण थांबल्या त्या पहिल्या गटात ८६ टक्के जणांच्या आणि दुसऱ्या गटात ५० टक्के जणांच्या. चौदा दिवसांनी गुठळी पूर्ण विरली होती पहिल्या गटात ९२ टक्क्यांची आणि दुसऱ्यात सुमारे ४६ टक्क्यांची. पोटातून वेदनाशामक घ्यावे लागण्याचे प्रमाणही ८ टक्के आणि ५४ टक्के असे होते.

हे आकडे मी दोन कारणांनी देतो. एक म्हणजे, नुसत्या बधिर करणाऱ्या मलमावरही जवळजवळ निम्मे लोक दोन आठवड्यांत बरे झाले, म्हणजे हे दुखणे बऱ्याच अंशी काळाबरोबर आपले आपणही उतरते, आणि त्याचे सगळे श्रेय लोक हातातल्या ट्यूबला देतात. दुसरे म्हणजे, हा फायदा बाहेरच्या गुठळीपुरता तपासलेला आहे. आतून रक्त जाणाऱ्या मूळव्याधीला हेच मलम लावून रक्त थांबेल असा अर्थ त्यातून निघत नाही. शेजाऱ्याला ज्याने गुण आला तेच मागून नेणारे गिऱ्हाईक नेमके इथे चुकते.

लावण्यात होणाऱ्या चुका

शौचानंतर जागा साध्या पाण्याने धुवावी, साबण लावू नये, मऊ सुती कापडाने टिपून कोरडी करावी, घासू नये. मग मटारच्या दाण्याएवढे मलम बोटावर घेऊन बाहेरच्या भागाला हलक्या हाताने लावावे. सकाळी शौचानंतर आणि रात्री झोपताना असे दोनदा बहुतेकांना पुरते. आतल्या त्रासासाठी डॉक्टरांनी आत लावण्यास सांगितले असेल तर खोक्यातील नळी ट्यूबला बसवावी, नळीच्या टोकाला बाहेरूनही थोडे मलम लावून ते निसरडे करावे, डाव्या कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यावेत आणि श्वास सोडत नळी हलकेच आत सारावी. जोर लावावा लागला तर थांबावे. नळी प्रत्येक वेळी गरम पाण्याने धुवून वाळवावी. एकाची ट्यूब घरातल्या दुसऱ्याने वापरू नये, आणि उघडून वर्ष झालेली ट्यूब फ्रिजमधून काढून पुन्हा सुरू करू नये.

बरेच लोक शौचाला जाण्याच्या आधी मलम लावतात आणि ते लगेच धुऊन जाते. जाण्यापूर्वी काही लावायचेच असेल तर साधे व्हॅसलिन पुरेसे आहे, औषध नंतर लावावे. दुसरी चूक अशी की बधिर करणाऱ्या मलमाचा थर जाड दिला म्हणजे परिणाम जास्त टिकेल, असे समजून दिवसातून सहा-सात वेळा ते लावले जाते. त्याने जागा सतत ओली राहते, त्वचा मऊ पडून सोलवटते, आणि मग मलमाचीच आग होऊ लागते.

तिसरी चूक मी स्वतः केली आहे. तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात दिवसभर उभे राहून आणि पाणी कमी पिऊन मला गुठळी धरली. दुकान माझेच, ट्यूब हाताशी, म्हणून तीन घटकांचे ते मलम लावू लागलो. पाच दिवसांत कळ गेली. तेव्हाच थांबायला हवे होते. परंतु थोडी खाज राहिली होती, म्हणून लावत राहिलो, आणि लावणे थांबवले की खाज वाढायची म्हणून पुन्हा लावायचो. असे सात आठवडे गेले. शेवटी मिरजेला एका शल्यचिकित्सकांना दाखवले तेव्हा त्यांनी सांगितले की मूळव्याध केव्हाच उतरली आहे, आता जे आहे ते स्टेरॉइडने पातळ झालेली त्वचा आणि तिच्यावर वाढलेली बुरशी. मलम बंद करून बुरशीचे औषध सुरू केल्यावर तीन आठवड्यांनी आराम पडला. खोक्यावर लिहिलेली मुदत मी रोज गिऱ्हाइकांना वाचून दाखवत होतो, आणि स्वतःच्या बाबतीत मात्र ती पाळली नाही, याची खंत अजून आहे. तेव्हापासून स्टेरॉइड असलेली ट्यूब देताना मी तिच्यावर पेनाने सुरुवातीची तारीख आणि थांबण्याची तारीख लिहून देतो. सात दिवस, आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तरच चौदा. ही मलमे चिठ्ठीवर द्यायची असतात, त्यामागचे कारण हेच आहे.

गुठळी धरल्यावरचे पहिले काही दिवस

कळ पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असते आणि नंतर उतरू लागते. गाठ विरायला दोन ते चार आठवडे लागू शकतात आणि मागे कातडीची थोडी चुणी राहते, तिची भीती बाळगू नये. कळ असह्य असेल तर पहिल्या ७२ तासांत शल्यचिकित्सक जागा बधिर करून गुठळी काढू शकतात, आणि त्याने लवकर सुटका होते. तीन दिवस उलटून कळ उतरणीला लागली असेल तर मात्र बहुधा कापाकापीची गरज उरत नाही. म्हणून ज्याला बसवतही नाही अशा माणसाने घरी मलम लावत चौथ्या दिवसाची वाट पाहू नये, पहिल्या-दुसऱ्या दिवशीच दाखवावे. गाठ घरी टोचून फोडण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

कोमट पाण्यात बसण्याने स्नायू सैल पडतो आणि बऱ्याच जणांना मलमाइतकाच आराम मिळतो. कंबर मावेल असे रुंद घमेले किंवा टब घ्यावा, मनगटाला सोसेल इतपतच गरम पाणी घालावे, आणि दिवसातून दोन-तीन वेळा, त्यातली एक वेळ शौचानंतरची, दहा ते पंधरा मिनिटे बसावे. पाण्यात मीठ, तुरटी, डेटॉल असे काहीही घालण्याची गरज नसते. पोटॅशियम परमँगनेटचे खडे मागणारे पुष्कळ जण येतात. न विरघळलेला खडा त्वचेला भाजतो, तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते घालू नये. कळेसाठी पॅरासिटामॉल चालते. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्यांनी कळ थांबते, पण पोट घट्ट होते आणि चार दिवसांनी पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते. डायोस्मिन आणि हेस्पेरिडिन यांच्या गोळ्याही तीव्र दुखण्यात काही दिवस दिल्या जातात. त्या डॉक्टरांनी लिहिलेल्या मात्रेत आणि तेवढेच दिवस घ्याव्यात.

मग ती परत का उठते?

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. मलम सूज उतरवते, परंतु सूज आणणारा दाब रोज सकाळी पुन्हा तयार होत असतो. कडक शौच, कुंथणे आणि बराच वेळ बसून राहणे, ही तीन कारणे जोवर तशीच आहेत तोवर कोणतेही मलम तुम्हाला दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त लांब नेणार नाही.

तंतूमय आहाराविषयी जुनाच सल्ला आहे म्हणून लोक तो कानाआड करतात, परंतु या दुखण्यात ज्याला सर्वांत चांगला पुरावा आहे असा हाच उपाय आहे. सात चाचण्यांतील ३७८ रुग्णांचा एकत्रित आढावा घेतल्यावर असे दिसले की तंतूंचे पूरक नियमित घेतल्याने रक्त जाण्याची शक्यता जवळपास निम्मी होते. एवढे कोणत्याही ट्यूबबद्दल मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आमच्या भागात तर यासाठी वेगळे काही आणावेही लागत नाही. जत-आटपाडीकडचा शाळू आहे, त्याची भाकरी आहे, मटकीची आणि हुलग्याची उसळ आहे, शेपू, चाकवत, अंबाडी या भाज्या आहेत, पेरू आहे. रात्री मूठभर बेदाणे भिजत घालून सकाळी पाण्यासकट खाणे ही इथल्या घराघरांतली रीत आहे आणि ती चांगली आहे. अडचण अशी की भाकरीची जागा दुपारी वडापावाने आणि रात्री मैद्याने घेतली आहे, आणि यार्डात काम करणारा माणूस सकाळी सहा ते दुपारी दोनपर्यंत तीन कप चहा पितो, पाणी मात्र दोनदाच. खरडा आणि तिखट रस्सा यांच्याने मूळव्याध होते असे म्हणता येत नाही, परंतु ती उठलेली असताना जाताना आग होते हे खरे आहे, म्हणून तेवढे दिवस हात आवरावा.

आहारातून पुरत नसेल तर इसबगोलची भुशी घ्यावी. एक ते दोन चमचे, पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावे, आणि त्यावर आणखी एक पेला पाणी प्यावे. पाण्यावाचून कोरडी फाकली तर ती घशात किंवा आतड्यात फुगून अडकू शकते. इतर गोळ्यांपासून दोन तासांचे अंतर ठेवावे. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात आणि पहिला आठवडा पोट थोडे फुगल्यासारखे वाटते, म्हणून अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवावे. याउलट रात्री घेऊन सकाळी झटक्यात पोट साफ करणाऱ्या बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. ती कधीमधी घेणे ठीक आहे. महिनोन् महिने घेतल्यास त्यांच्यावाचून पोट साफ होईनासे वाटते, आणि पातळ शौचाच्या चार फेऱ्यांनीसुद्धा सुजलेली जागा पुन्हा चिघळते.

एक चक्र माझ्या दुकानात मला वारंवार दिसते आणि त्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही. मूळव्याधीतून रक्त जाऊन जाऊन बाईचे हिमोग्लोबिन उतरते. अशक्तपणासाठी लोहाच्या गोळ्या सुरू होतात. लोहाने पोट घट्ट होते. घट्ट पोटाने कुंथावे लागते, पुन्हा रक्त जाते, आणि लोहाची मात्रा वाढवली जाते. शिवाय लोहाने शौच काळपट होते, त्यामुळे आतून रक्त जात असेल तर त्याची काळी खूणही झाकली जाते. अशा वेळी लोह बंद करायचे नसते. ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना "मला जागेतून रक्त जातं" हे एक वाक्य सांगायचे असते, जे बायका लाजेने सांगत नाहीत. मग ते लोहाचा प्रकार बदलतात, सोबत पोट मऊ राखणारे औषध देतात, आणि रक्त नक्की कुठून जाते ते पाहतात. कॅल्शियमच्या गोळ्या आणि काही रक्तदाबाच्या गोळ्यांनीही पोट घट्ट होते. म्हणून मूळव्याध परत उठली की चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी एकदा औषधनिर्मात्यासमोर ठेवावी.

शौचाला बसण्याच्या वेळेबद्दल एवढेच सांगतो की पाच मिनिटांत झाले नाही तर उठावे आणि पुन्हा शौचाची भावना होईल तेव्हा जावे. मोबाइल बाहेर ठेवावा. कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंचीचा पाट घ्यावा, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि कमी कुंथावे लागते. पोती उचलणाऱ्यांनी श्वास रोखून झटका देऊ नये, श्वास सोडत उचलावे. माल लवकर खाली करायच्या घाईत हे सांभाळणे अवघड आहे हे मला समजते, तरीही दुखणे उठलेले असताना किमान दोन आठवडे जड ओझे टाळता आले तर टाळावे.

ट्यूब न देता परत पाठवावे लागते ते कोण?

पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त जाऊ लागले असेल, शौचाच्या सवयीत काही आठवड्यांपासून बदल झाला असेल, शौच काळे डांबरासारखे होत असेल, रक्त शौचात मिसळलेले असेल किंवा सोबत आव पडत असेल, वजन उतरत असेल, घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर मलम लावून पाहण्यात एकही आठवडा घालवू नये. आतड्याच्या कर्करोगाचे रक्तही सुरुवातीला मूळव्याधीच्या रक्तासारखेच दिसू शकते, आणि माणूस वर्षभर ट्यूब बदलत राहतो. ताप, सतत ठणका आणि लघवी अडकणे ही पू धरल्याची किंवा गंभीर संसर्गाची लक्षणे असू शकतात. त्यासाठी त्याच दिवशी रुग्णालयात जावे, मधुमेह असलेल्यांनी तर नक्कीच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी रक्त जाताच डॉक्टरांना कळवावे, गोळ्या परस्पर बंद करू नयेत. गरोदर बायकांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज स्टेरॉइडची किंवा फेनिलेफ्रिनची ट्यूब वापरू नये.

आणि ज्यांना यातले काहीच नाही, पण वर्षात तिसऱ्यांदा तीच ट्यूब न्यायची वेळ आली आहे, त्यांनीही एकदा तपासून घ्यावे. आतला कोंब दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर असेल तर रबर बँड बसवण्यासारखा छोटा उपाय बाह्यरुग्ण विभागातच होतो आणि पुष्कळांना दीर्घकाळ आराम मिळतो. आयुर्वेदानेही अर्शावर, म्हणजे मूळव्याधीवर, औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार मार्ग सांगितले आहेत आणि औषध हा त्यांतला पहिला मार्ग आहे. तेव्हा तेवढ्याने भागत नसेल तर पुढचा मार्ग विचारण्यात कमीपणा नाही.

तपासणीची धास्ती हे न जाण्याचे सर्वांत मोठे कारण असते. प्रत्यक्षात डाव्या कुशीवर झोपवून बोटाने आणि प्रॉक्टोस्कोप नावाच्या छोट्या नळीने पाहतात, आणि ते काही मिनिटांत होते. आम्हाला मिरज जवळ आहे, तिथे १८९४ पासून रुग्णालयांची परंपरा आहे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. जाताना वापरलेली ट्यूब आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. रक्त किती दिवस जाते, कधी जाते आणि दुखते की नाही, हे एका कागदावर आधीच लिहून ठेवावे, कारण आत गेल्यावर संकोचाने निम्मे सांगायचे राहते.

सुरुवातीला सांगितले तशी काचेवर रिकामी ट्यूब ठेवणाऱ्या यार्डातल्या एका हमालाला मी या मार्चमध्ये चौथी ट्यूब दिली नाही. तो नाराज होऊन गेला. पंधरा दिवसांनी चिठ्ठी घेऊन आला, ती फिशरची होती. लिहून दिलेले मलम वेगळे होते, सोबत पोट मऊ करणारे औषध होते आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले होते : पाणी रोज तीन लिटर. मी नव्या ट्यूबवर दोन तारखा लिहून दिल्या. हल्ली तो सकाळी यार्डात जाताना खांद्याला दोन लिटरची बाटली अडकवून जातो.